कॅलिपरला रंग मारायच्या आधी पिस्टन बघा! जुने ब्रेक घरी दुरुस्त करताना काय सांभाळायचे?

राहुरी : पावसाळा सरला, कारखान्यांची धुराडी पेटली की नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. रात्रीच्या अंधारात पुढची ट्रॉली दिसते तीच मुळी जवळ आल्यावर. अशा वेळी जीव वाचवतो तो ब्रेक. पण आपल्याकडच्या दहा-बारा वर्षे जुन्या गाड्यांच्या ब्रेककडे कोणी कधी बघते का? पॅड संपले की बदलायचे, एवढीच देखभाल. ज्या भागात ते पॅड बसतात तो कॅलिपर गंजून जातो, जाम होतो आणि मग "गाडी एका बाजूला खेचते", "चाक तापतंय", "अॅव्हरेज पडलं" अशा तक्रारी सुरू होतात.

हल्ली मोबाईलवरचे व्हिडिओ बघून जुने कॅलिपर घरीच साफ करून लाल-पिवळा रंग मारण्याची हौस तालुक्यातल्या तरुणांना लागली आहे. काम अवघड नाही. पण यात दोन वेगवेगळी कामे आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. एक, बाहेरून साफ करून रंग देणे. दुसरे, कॅलिपर खोलून आतले रबर बदलणे. पहिले काम चुकले तर रंग निघेल. दुसरे चुकले तर ब्रेक जाईल.

कॅलिपर म्हणजे नेमके काय?

पुढच्या चाकामागे लोखंडी थाळी दिसते, ती डिस्क. त्या थाळीला चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत एका पिस्टनचा, सरकणारा कॅलिपर असतो. पाय दाबला की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनवर येतो. पिस्टन आतल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो. त्याच वेळी कॅलिपरची बॉडी दोन पिनांवर मागे सरकते आणि बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढला जातो. म्हणजे पिस्टन एक असला तरी दाब दोन्ही बाजूंनी.

हा दाब किती असतो? पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर धरला आणि ऑइलचा दाब ५० बार धरला, तर पिस्टनवर जवळपास १ टन जोर येतो. एवढा जोर एका रबरी रिंगवर तोललेला असतो.

या रिंगचे दुसरे कामही मोठे आहे. पिस्टन पुढे जाताना ती किंचित मुरडते आणि पाय काढला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे आणायला स्प्रिंग नसते, हीच रिंग ते काम करते. रिंग कडक झाली किंवा पिस्टनवर गंज चढला की पिस्टन मागे येत नाही. पॅड घासत राहतो, चाक तापते, डिझेल-पेट्रोल जास्त जाते.

आपल्या भागात कॅलिपर लवकर का जाम होतात?

मुळा-प्रवरा पट्ट्यातली काळी माती ओली असताना चाकाला चिकटते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. पाणी दिलेल्या रानातून, पाटाच्या कडेच्या कच्च्या रस्त्याने गाडी गेली की हा चिखल पिनांच्या रबरी टोप्यांवर साचतो. टोपीला चीर गेली की पाणी आत, ग्रीस बाहेर. त्यातच घरची गाडी रोज चालत नाही. लग्नकार्य, दवाखाना, शिर्डी-शिंगणापूर एवढ्यापुरती बाहेर निघते. उभ्या गाडीत गंज जास्त धरतो.

ब्रेक ऑइलही कारण आहे. डॉट ३ आणि डॉट ४ ही ऑइल हवेतले पाणी ओढून घेतात. मानकाप्रमाणे नवे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते; पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइलमधल्या पाण्याने पिस्टनला आतूनही गंज लागतो. शिवाय माळशेज किंवा चंदनापुरीसारखा घाट उतरताना ब्रेक तापले की जुने ऑइल उकळून वाफ होते आणि पाय थेट खाली जातो. म्हणून साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेव्हा, ऑइल बदलणे हिताचे.

दोष कुठे आहे, हे आधी ओळखा

चाक जाम झाले म्हणजे कॅलिपरच खराब, असे नसते. सपाट जागेवर गाडी जॅकवर घेऊन, खाली पक्की घोडी लावून चाक हाताने फिरवून बघावे. जड फिरत असेल तर कॅलिपरवरचा छोटा निपल किंचित ढिला करावा. थोडे ऑइल बाहेर येऊन चाक लगेच मोकळे झाले, तर दाब अडकून राहत होता. मग दोष बहुधा रबरी नळीत किंवा मास्टर सिलिंडरमध्ये आहे. जुनी नळी आतून फुगते आणि ऑइल परत येऊ देत नाही. निपल ढिला करूनही चाक तसेच जड राहिले, तर पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत.

पॅडही बोलतात. आतला पॅड झिजला आणि बाहेरचा तसाच राहिला, तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही असा अर्थ. अशा वेळी पिना साफ करून योग्य ग्रीस लावले तरी अनेकदा काम भागते. पिस्टन काढायची गरजच पडत नाही.

काम एक : बाहेरून सफाई आणि रंग

पिस्टन नीट चालतो, कुठे गळती नाही, फक्त गंज दिसतो, अशा कॅलिपरला ऑइलची नळी न काढताही रंग देता येतो. चाक काढावे, कॅलिपरचे दोन बोल्ट खोलावेत आणि कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा. तो नळीवर लोंबकळत ठेवू नये, नळी आतून तुटते. आणि तो सुटा असताना कोणीही ब्रेकवर पाय देऊ नये, पिस्टन बाहेर येईल. मुलांना गाडीपासून लांब ठेवावे.

सफाईची सुरुवात पाण्याने करावी. ब्रेकची काळी धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. काही जुन्या आणि स्वस्त पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसावे, तोंडाला चांगला मास्क असावा. चिखल निघाला की तार ब्रशने गंज खरवडावा. ड्रिल मशीनला तारेचा ब्रश लावणार असाल तर डोळ्यांवर चष्मा हवाच. सुटलेली तार डोळ्यात गेली तर काय होते, ते कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारा. रबरी टोप्यांजवळ मशीन नेऊ नये.

पॅड ज्यात बसतात तो ब्रॅकेट वेगळा निघतो. तो बहुधा बिडाचा असतो. लोहचुंबक लावून खात्री करावी. चुंबक चिकटले तर ब्रॅकेटमधल्या पिना आणि रबर काढून तो किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्वाच्या पाण्यात काही तास ठेवला तरी गंज सुटतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात वाळवावा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर येतो. अॅल्युमिनियमचा भाग असल्या पाण्यात टाकू नये.

रंगाआधी तेलाचा अंश पूर्ण काढावा लागतो. त्यासाठी ब्रेक क्लीनर वापरावा. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतात. ते तापले की विषारी वायू तयार होतो. म्हणून क्लीनर मारलेला भाग पूर्ण वाळेपर्यंत वेल्डिंग, गॅसची ज्योत किंवा हीट गन जवळ आणू नये.

आता रंग. घराच्या ग्रीलचा ऑइल पेंट इथे चालत नाही. डिस्क जोरात तापते, त्याची धग कॅलिपरला लागते आणि साधा रंग करपून पोपडे सुटतात. वर ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर तो रंग चक्क सोलून काढतो. कॅलिपरसाठीचा, उष्णता सोसणारा रंगच घ्यावा. एकदाच जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर द्यावेत. दोन थरांमध्ये किती थांबायचे, ते डब्यावर लिहिलेले असते, ते पाळावे.

कुठे रंग लागू द्यायचा नाही, हे मात्र पाठ करावे :

- पॅड ज्या खाचांत सरकतात त्या जागा
- पिनांची भोके आणि पिना
- पिस्टन आणि त्याची रबरी टोपी
- निपलचे तोंड
- नळीचा बोल्ट जिथे तांब्याच्या वायसरवर बसतो ती सपाट जागा
- डिस्क आणि पॅडची घासणारी बाजू

या जागांना मास्किंग टेप लावावा. पॅडच्या खाचेत रंगाचा थर बसला तर पॅड अडकतो, आणि ज्या दुखण्यासाठी काम काढले तेच दुखणे रंगाने परत येते.

काम दोन : कॅलिपर खोलणे

पिस्टन अडकला असेल किंवा ऑइल पाझरत असेल तर रंगाचा उपयोग नाही. कॅलिपर खोलून रबर बदलावेच लागते. यासाठी गाडीच्या मॉडेलप्रमाणे 'कॅलिपर किट' मिळते. त्यात पिस्टनची रिंग आणि धुळीची टोपी असते, काही किटमध्ये पिनांच्या टोप्याही असतात. नव्या कॅलिपरपेक्षा हे खूप स्वस्त पडते. पण किट आधी आणावे आणि मग गाडी खोलावी. गाडी दारात उघडी ठेवून किटसाठी नगरला चकरा मारणारे कमी नाहीत.

पिस्टन काढायची सोपी युक्ती म्हणजे नळी सोडवण्याआधी ब्रेकचा पायच वापरणे. पॅड काढून त्या जागी लाकडाचा ठोकळा ठेवावा आणि एकाने हळूहळू पाय दाबावा. पिस्टन ठोकळ्यापर्यंत आला की थांबावे. मग नळी काढून तोंड स्वच्छ बुचाने बंद करावे आणि पिस्टन हाताने ओढावा. खाली ट्रे ठेवावा, ऑइल सांडतेच.

अनेक जण कॅलिपर पंक्चरच्या दुकानात नेऊन हवा मारतात. इथे बोटे जातात. कॉम्प्रेसरचा दाब ७ बार असला तर ५० मिलिमीटरच्या पिस्टनवर १४० किलोच्या आसपास जोर येतो. पिस्टन गोळीसारखा सुटतो. हवा वापरायचीच असेल तर सायकलचा पंप पुरतो, आणि तेव्हाही समोर ठोकळा हवा. बोट कधीच पिस्टनसमोर नको.

पिस्टन निघाला की तो उजेडात फिरवून बघावा. इथेच खरा निर्णय होतो. ऑइल अडवणारी रिंग बॉडीच्या खाचेत बसलेली असते आणि ती पिस्टनच्या अंगावर घासते. म्हणजे ऑइल अडते ते पिस्टनच्या गुळगुळीत अंगामुळे. त्यावर नखाला लागेल असा खड्डा असेल, क्रोम उडाला असेल, तर पिस्टन बदलायचाच. "थोडं पॉलिश पेपर मारलं की बसतंय" हे इथे चालत नाही. पेपरने क्रोम निघतो आणि उघड्या लोखंडावर काही महिन्यांत पुन्हा गंज चढतो. काही गाड्यांत कडक प्लास्टिकसारखा पिस्टन असतो, त्याच्या कडेला चीर आहे का ते पाहावे.

जुनी रिंग लाकडी काडीने काढावी. स्क्रू ड्रायव्हर घातला तर खाचेला ओरखडा जातो आणि नवी रिंगही गळते. खाच स्वच्छ फडक्याने आणि ब्रेक क्लीनरने साफ करावी. खाचेतच खोल गंज असेल तर तो कॅलिपर भंगारातच द्यावा.

पेट्रोल, रॉकेल, ग्रीस : तीन जुन्या सवयी

आपल्याकडे पार्ट धुवायचा म्हटले की डिझेल, पेट्रोल नाहीतर रॉकेल पुढे येते. इंजिनच्या भागांना ठीक आहे, ब्रेकला नाही. ब्रेकमधले रबर खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते. एवढेच काय, घाईत कोणी टाकीत ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल ओतले तर मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचे सगळे रबर खराब होऊ शकते.

बेअरिंगच्या साध्या ग्रीसचेही तसेच. पिनांना सिलिकॉनचे ब्रेक ग्रीस लावावे. नवी रिंग आणि पिस्टन बसवताना त्यांना नवे, स्वच्छ ब्रेक ऑइल लावावे, आणि पिस्टन बोटांच्या दाबाने सरळ आत जाऊ द्यावा. हातोडा लागत असेल तर काहीतरी वाकडे बसले आहे असे समजावे.

डावा-उजवा बदलला तर हवा निघत नाही

दोन्ही कॅलिपर एकदम काढले, रंगवले आणि बसवताना अदलाबदल झाली, ही सर्रास होणारी चूक आहे. निपल नेहमी वरच्या बाजूला यायला हवा, कारण हवा वर जमते. निपल खाली आला तर दिवसभर एअर काढली तरी पाय स्पंजासारखाच राहतो. म्हणून काढतानाच आतल्या बाजूला खूण करावी. मोबाईलवर फोटो काढला तर आणखी चांगले. शक्यतो एका बाजूचे काम पूर्ण करूनच दुसरी बाजू खोलावी.

नळीच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे नवे वायसर टाकावेत. बोल्ट किती आवळायचे ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेप्रमाणे टॉर्क पान्याने बघावे. पान्याला पाइप लावून जोर काढू नये.

एअर काढायला दोन माणसे लागतात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पाय दाबून धरायचा, दुसऱ्याने निपल उघडायचा, बुडबुडे गेले की बंद करायचा आणि मगच पाय सोडायचा. "दाब… धर… आता सोड" असे ओरडूनच हे काम होते. टाकीतले ऑइल मध्ये संपू देऊ नये, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस आले आहे. अशा गाडीत हवा एबीएसच्या युनिटमध्ये अडकली तर स्कॅनर लागतो. ती गाडी घरी खोलण्याच्या फंदात न पडलेले बरे.

रस्त्यावर जाण्याआधी

इंजिन बंद ठेवून पाय काही वेळा दाबावा. तो वर आणि कडक लागला पाहिजे. मग जोरात दाबून मिनिटभर धरावा. हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे. पाय दाबलेला असतानाच इंजिन सुरू केले की तो किंचित खाली जातो, ते बूस्टरमुळे. त्यात काळजीचे काही नाही. निपल, नळीचा बोल्ट आणि पिस्टनची टोपी कोरड्या फडक्याने पुसून ओल दिसते का ते बघावे.

पहिली चाचणी मोकळ्या सपाट जागेवर, अगदी चालण्याच्या वेगात घ्यावी. गाडी सरळ थांबते का, खेचत नाही ना, हे पाहावे. चार-पाच किलोमीटर हळू चालवून दोन्ही चाकांजवळ हाताची धग घ्यावी, थेट हात लावू नये. एक बाजू जास्त गरम असेल तर काम अजून बाकी आहे. नवे पॅड टाकले असतील तर सुरुवातीला मध्यम वेगावरून हळू ब्रेक मारत ते बसू द्यावेत.

हे सगळे जमले तरी चाक लावण्याआधी एखाद्या अनुभवी मिस्त्रीला एकदा दाखवून घ्यावे. त्यात कमीपणा नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार गुन्हा आहे, आणि अपघातात समोर असतो तो आपल्याच गावचा दुचाकीवाला.

भंगारातला चकचकीत कॅलिपर घेताना

जुन्या बाजारात रंगवलेले कॅलिपर विकायला असतात. रंग बघून घेऊ नये. रबरी टोपी उचलून पिस्टन बघावा, पिना हाताने सरकवून बघाव्यात, निपल फिरतो का ते बघावे. विकणारा टोपी उचलू देत नसेल, तर उत्तर मिळाले असे समजून पुढे जावे.

आणि शेवटचे. काढलेले जुने ब्रेक ऑइल विषारी असते. ते पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू नये, पाटात किंवा विहिरीकडेला ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, जिथे खराब ऑइल गोळा करतात अशा गॅरेजमध्ये द्यावे. उघडून बराच काळ झालेला ब्रेक ऑइलचा डबाही पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू नये. त्याने तोवर हवेतले पाणी पिऊन घेतलेले असते.